गादीखालची बुरशी आणि सासऱ्यांचा पलंग

पत्र थोडक्यात असं:

रत्नागिरीच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. घरात त्या, त्यांचे यजमान, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासऱ्यांनी १९८७ साली गावच्या सुताराकडून करून घेतलेला सागवानी पलंग त्यांच्या खोलीत आहे, ७८ बाय ६० इंचांचा. पाच वर्षांपूर्वी गावचं घर सोडून फ्लॅटमध्ये आल्यावर जागेच्या अडचणीमुळे पलंगाखाली सामानाचा बॉक्स करून घेतला आणि वर अखंड प्लाय ठोकला. यंदा जानेवारीत आठ इंची फोमची गादी घेतली. गणपतीच्या आवराआवरीत ती उचलली, तर खालच्या अंगाला काळे ठिपके आणि कुबट वास. दुकानदार म्हणतो, बुरशी वॉरंटीत बसत नाही. सुतार म्हणतो, प्लायला भोकं पाडून देतो. मैत्रिणीने मोबाइलवर लाकडी पट्ट्यांचे बेड पाहिले आणि तसा नवाच घ्यावा असं तिच्या मनात आलं. यजमानांचं वजन ८८ किलो, कंबर दुखते. त्यांच्या मते कंबरेला कडक फळीच हवी, पट्ट्या वाकतील नाहीतर मोडतील. सासूबाई म्हणतात, "आम्ही जन्मभर फळ्यांवर झोपलो, कधी बुरशी नाही पाहिली." आणि पलंग काढायचा विषय निघाला की त्या गप्प होतात. मैत्रिणीचा प्रश्न: "ताई, पलंग बदलू की गादी? आणि सासूबाईंना न दुखावता कसं?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचा प्रश्न "पलंग की गादी" असा आहे. मला वाटतं, बदलायचं आहे ते या दोन्हींच्या मधलं. पलंग चांगला आहे, गादीही बहुधा वाईट नव्हती. पाच वर्षांपूर्वी ठोकलेला तो अखंड प्लाय काढायचा आणि त्याखालची बंद पेटी मोकळी करायची, एवढंच आहे.

आधी बुरशी का आली ते पाहू, म्हणजे कुणाला दोष द्यायचा हा घरातला वाद आपोआप खाली बसेल. झोपेत माणसाच्या अंगातून रात्रभरात पेलाभर पाणी तरी निघून जातं, उकाड्यात त्याहून जास्त. त्यातलं बरंचसं वाफेच्या रूपाने गादीत उतरतं. गादीची वरची बाजू अंगाच्या ऊबेने गरम, खालची गार. ऊन, ओलसर हवा खाली सरकते, गार होते आणि तिच्यातली ओल तिथेच दाटते. खाली मोकळी हवा असेल तर ही ओल दिवसभरात निघून जाते. प्लाय असेल तर अडकते, कारण प्लायमधल्या डिंकाच्या थरांतून वाफ फारशी पार होत नाही. तुमच्याकडे त्या प्लायखाली बंद पेटी, पेटीत गोधड्या आणि चादरी ठासून भरलेल्या. बुरशीला एखाद्या पृष्ठभागावर ७५–८० टक्के आर्द्रता बराच काळ मिळाली की ती वाढू लागते. रत्नागिरीत जुलैमध्ये बाहेरची हवाच बहुधा ८५ टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे तुम्ही गादी कितीही चांगली घेतली असती तरी आषाढ-श्रावणात तिच्या खालच्या अंगाला हेच झालं असतं. आधीची कापसाची गादी वाचली, कारण ती तुम्ही अधूनमधून गच्चीवर टाकत होतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. आठ इंची फोमची गादी एकट्या बाईला उचलवत नाही, म्हणून ती जानेवारीपासून गणपतीपर्यंत जागची हलली नाही.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडलं. "आम्ही जन्मभर फळ्यांवर झोपलो." तुम्ही हे वाक्य प्लायच्या बाजूने धरलं आहे. पण त्या "फळ्या" म्हणाल्या आहेत, अनेकवचनात. जुन्या पलंगांना आतून अखंड पाट नसायचा. आडव्या फळ्या टाकलेल्या असत आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर, दोन बोटं फट असे. काही पलंगांना नवार, म्हणजे रुंद सुती पट्टी, विणलेली असे, खाटेला सुंभ. त्यावर कापसाची गादी, ती वर्षा-दोन वर्षांनी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायची, उन्हाळ्यात अंगणात टाकायची. पलंगाखाली मोकळी जमीन, तिथून वारा खेळायचा. सासूबाईंना बुरशी दिसली नाही हे खरंच आहे. मोबाइलवर तुम्ही पाहिलेला पट्ट्यांचा बेड आणि सासऱ्यांनी करून घेतलेला फळ्यांचा पलंग ही मुळात एकच गोष्ट आहे.

तेव्हा एक करा. प्लाय उचलून पलंगाच्या लांब बाजूच्या दांड्यांची आतली बाजू टॉर्चने पाहा. तिथे ठरावीक अंतरावर खाचा, खिळ्यांची भोकं किंवा फळ्या टेकायला लावलेला लाकडी बत्ता दिसेल अशी मला दाट शंका आहे. दिसला, तर पलंग बदलण्याचा विषयच उरत नाही. तो पूर्वीसारखा करायचा आहे. आणि हे काम सासूबाईंना विचारूनच करा. किती फळ्या होत्या, किती रुंद होत्या, हे तुमच्या घरात त्यांच्याइतकं कुणाला आठवणार नाही.

आता यजमानांची कंबर. जितकं कडक तितकं कंबरेला चांगलं, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की "ऑर्थो" एवढा शब्द छापला की गादी खपते. स्पेनमधल्या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं आढळलं. हा अभ्यास गाद्यांचा आहे, खालच्या फळीचा नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण "कडक म्हणजे चांगलं" हे गृहीत धरायचं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. कंबरेला कडकपणापेक्षा सपाटपणा लागतो. मधे झोळ नको, आणि खांदा-नितंब थोडे रुतावेत इतकी नरमाई हवी. नरमाई गादी देते. सपाटपणा द्यायचं काम खालच्या बैठकीचं.

यजमानांना वाटतं की पट्ट्या म्हणजे झोळ. तसं नाही. पट्ट्या दोन जातीच्या असतात. एक सरळ, जाड, न वाकणारी, आपला सुतार करतो ती. दुसरी पातळ थर चिकटवून केलेली, वरच्या बाजूला किंचित कमानदार, दोन्ही टोकांना रबर किंवा प्लास्टिकच्या टोप्या. दाब पडला की ती दबते आणि सोडला की परत येते. युरोपात दुसऱ्या जातीचं फार प्रस्थ आहे. जर्मनीत तर पलंगाची चौकट, पट्ट्यांची बैठक आणि गादी अशा तीन वस्तू वेगवेगळ्या विकत घेतात. तिथल्या कित्येक बैठकींत कंबरेच्या भागातल्या पट्ट्यांवर सरकत्या कड्या असतात, त्या सरकवून तो भाग कडक किंवा नरम करता येतो. वस्तू उत्तम आहे. पण तुमच्या घरासाठी मी ती सुचवणार नाही. एकीकडे ८८ किलो, दुसरीकडे तुमचे ५४, मधे उड्या मारणारा मुलगा. टोपी तुटली तर तशीच दुसरी रत्नागिरीत शोधायची कुठे? शिवाय कमानदार पट्टीचा खरा उपयोग लेटेक्ससारख्या लवचिक, फार जाड नसलेल्या गादीला होतो. आठ इंची फोमखाली तो फरक फारसा जाणवणार नाही. तुम्हाला सरळ, जाड, सुताराने केलेल्या पट्ट्याच योग्य.

कंबरेचं दुखणं बैठकीमुळे आहे की गादीमुळे, हे पैसे खर्च करण्याआधी घरीच तपासता येतं. गादी बाजूला करा. जिथे कंबर येते तिथे पलंगाच्या एका दांड्यापासून दुसऱ्या दांड्यापर्यंत, प्लायवर टेकवून, दोरी ताणून धरा आणि मधोमध दोरी व प्लाय यांत किती फट आहे ते मोजपट्टीने मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त असेल तर प्लाय मधे खचला आहे. मग गादी परत घाला आणि सकाळी, कुणी वर नसताना, गादीवरून तशीच दोरी धरा. प्लाय सपाट आणि गादीत मात्र खळगा, असं निघालं तर दोष गादीचा, आणि पट्ट्या बदलून तो जाणार नाही. आठ महिन्यांत फोमला कायमचा खळगा पडला असेल, तर त्याचा फोटो दोरी आणि मोजपट्टीसकट काढून ठेवा. बुरशी वॉरंटीत नसेल, पण ठरावीक खोलीच्या वरचा खळगा पुष्कळ कंपन्यांच्या वॉरंटीत असतो. त्याच कागदावर गादी कशावर ठेवावी, पट्ट्यांमध्ये किती अंतर चालेल, हेही बहुतेकदा लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सुताराला बोलावू नका. कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा दुखणं सहा आठवड्यांहून जुनं असेल, तर मात्र पलंगाचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

सुताराच्या भोकांबद्दल. त्याचा हेतू चांगला आहे, पण हिशेब बघा. दर सहा इंचांवर एक इंची भोक पाडलं, तर ३६ चौरस इंचांत मोकळी जागा पाऊण चौरस इंचाच्या जरा वर, म्हणजे जेमतेम दोन टक्के. आणि ती भोकं उघडणार कुठे, तर बंद पेटीत. याउलट तीन इंच रुंद पट्ट्या दोन-दोन इंच अंतराने टाकल्या, तर ७८ इंचांत बरोबर १६ पट्ट्या बसतात: ४८ इंच लाकूड, ३० इंच मोकळं. दोन टक्के कुठे आणि अडतीस टक्के कुठे!

म्हणून सुताराला मी पुढचं सांगितलं असतं. पट्टी तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड. लाकूड जुन्या घराचे सागवानी वासे उतरवलेले असतील तर ते, नाहीतर बाजारातलं सुकं साग, ऐन किंवा बाभूळ. आंब्याचं नको, त्याला कीड लवकर लागते. गाठी असलेली पट्टी मधे टाकायची नाही, मोडली तर गाठीपाशीच मोडते. कौलांखालच्या रिपा पडून आहेत, त्याच वापरतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. रिपा त्या वजनासाठी नसतात. कडा रंध्याने गोल करून घ्यायच्या, म्हणजे गादीचं कापड कापत नाही.

साठ इंच रुंदीवर पट्टी एकटी सोडायची नाही. पलंगाच्या मधोमध डोक्यापासून पायापर्यंत एक उभा दांडा, दोन बाय तीन इंचांचा, तीन इंचांची बाजू उभी ठेवून, आणि त्याला मध्यावर जमिनीला टेकणारा एक पाय. यजमानांची "मोडतील" ही भीती खरी ठरते ती या पायाशिवाय. तुम्हा तिघांचं आणि गादीचं मिळून दोनशे किलोच्या जवळपास वजन १६ पट्ट्यांवर पसरलं तर एकेकीला बारा-तेरा किलोच येतं, त्याने काहीच होत नाही. पण मुलगा गुडघ्यावर उडी मारतो तेव्हा सगळा भार एक-दोन पट्ट्यांवर असतो. मधला आधार त्या क्षणासाठी. पाय बसवल्यावर खाली कागद सरकवून पाहा. सहज सरकला तर पाय अधांतरी आहे.

स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजून लाकूडही काळं करतात. आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू, नाहीतर पट्टीचं टोक चिरतं. पट्टी आणि बत्ता यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालायची. कुईकुई आवाज येतो तो लाकडावर लाकूड घासून, ट्यूब घातली की बंद. माझं स्वतःचं मत, सगळ्या पट्ट्या ठोकून टाकू नयेत. दोन टोकांच्या आणि मधली एक पक्की करावी, बाकीच्या नवारीच्या पट्टीवर ओळीने लहान खिळ्यांनी धरून ठेवाव्यात. म्हणजे अंतर सरकत नाही आणि वर्षातून एकदा गुंडाळी करून बाहेर काढता येते, धूळ पुसता येते, फटींत ढेकूण किंवा वाळवी नाही ना ते बघता येतं.

हे काम आत्ता, भाद्रपदात नको. लाकूड सध्या ओल पिऊन फुगलेलं आहे. आता कापलेली पट्टी डिसेंबरात आकसेल आणि स्क्रू ढिले होतील. दिवाळीनंतर करा. तोवर प्लायचे तुकडे असतील तर त्यांच्यामध्ये दोन-दोन इंच जागा सोडून मांडा, आणि गादी आठवड्यातून दोनदा भिंतीला उभी करून तिच्या खालच्या अंगावर पंखा सोडा. गादी थेट जमिनीवर मात्र ठेवू नका. मी स्वतः भाड्याच्या घरात पहिल्या पावसाळ्यात ते केलं होतं, वाटलं चार दिवसांचा प्रश्न आहे. तिसऱ्या आठवड्यात गादीला फरशीच्या चौकटींसारखे ओलीचे डाग उमटले आणि ती टाकून द्यावी लागली.

पेटीचं काय, हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि इथे काहीतरी सोडावं लागेल. पट्ट्या टाकल्या आणि खाली पेटी तशीच गच्च भरलेली ठेवली, तर अर्धं काम वाया. सामान निम्मं करा. पितळी भांडी, सुटकेसा खाली चालतील. कापूस आणि कापड नको, ते ओल धरतात आणि वर सोडतात. पेटीच्या पुढच्या आणि मागच्या फळीला वरच्या बाजूने हातभर लांबीचे झरोके कापून जाळी लावा, म्हणजे आरपार हवा जाईल. पेटीच काढून टाकता आली तर उत्तम. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी तो हट्ट धरणार नाही.

पट्ट्यांनी सगळं आपोआप होईल असंही समजू नका. जुलैत पट्ट्यांमधून जी हवा फिरते तीच ओली असते. पट्ट्या ओल अडकू देत नाहीत. ओल काढून टाकायला पंखा, उघडीप किंवा एसीचा कोरड्या हवेचा मोड लागतोच. सकाळी उठल्यावर चादर लगेच नीट घालू नका, तासभर गादी उघडी राहू द्या. हे एवढंसं वाटतं, पण फार उपयोगी आहे.

सध्याची गादी वाचेल का? खोळ चेनची असेल तर काढून पाहा. ठिपके खोळीवरच असतील तर खोळ धुऊन, कडक वाळवून गादी वापरता येईल. फोममध्ये उतरले असतील, आणि दाबल्यावर वास येत असेल, तर ती सोडून द्या. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलं आहे की मुलाला सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात. मला ते जाता जाता वाटलं नाही. बुरशी आणि घरातल्या धुळीतले सूक्ष्म कीटक दोघंही ओलसर गादीत वाढतात, आणि दोघांनीही लहान मुलांना असा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना गादीबद्दल आवर्जून सांगा. काही दिवस त्याला आजीच्या खोलीत झोपवून फरक पडतो का पाहा.

आणि फोमची किंवा लेटेक्सची गादी कापसाच्या गादीसारखी भर उन्हात टाकू नका. थेट उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होऊ लागतो. सावलीत, वारा लागेल अशी उभी करा. कडकडीत ऊन फक्त कापसाला.

ज्यांच्या घरी दुसऱ्या प्रकारची गादी आहे त्यांच्यासाठी थोडं. काथ्याची गादी स्वतःच ताठ असते, तिला दोन इंचांपर्यंत फट चालते, कमानदार पट्ट्या नकोत. कापसाच्या गादीला इंच-दीड इंचाहून जास्त फट ठेवू नये, कापूस फटींत उतरून गोळे होतात. स्प्रिंगच्या गादीला दोन-अडीच इंच. लेटेक्स जड आणि लवचिक, तिला दोन इंचांच्या आत. बाहेरच्या मापाची पट्ट्यांची बैठक मागवणार असाल तर तिची लांबी बहुधा २०० सेंटिमीटर, म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच असते. आपल्याकडच्या ७२ किंवा ७५ इंची गाद्या तिच्यावर आखूड पडतात. टेप घेऊन पलंगाची आतली बाजू मोजा, बाहेरची नाही.

सासूबाईंशी बोलताना "पलंग बदलायचा आहे" हे वाक्य तुमच्याकडून परत निघू नये असं मला वाटतं. त्यांच्यासाठी तो पलंग म्हणजे गावच्या घरातला उरलेला भाग आहे. दिवाळीनंतर सुतार येईल त्या दिवशी त्यांना शेजारी खुर्ची द्या. फळ्या कशा होत्या ते त्यांनाच सांगू दे. काम झालं की पुढच्या आषाढात, आठवडाभर झड लागलेली असताना, गादीचा एक कोपरा उचलून खाली तळहात फिरवा. कोरडी लागली तर ठीक. दमट लागली तर पेटीतलं आणखी थोडं सामान बाहेर काढा, आणि कसं झालं ते मला कळवा.